डायोरामातल्या जंगलाची जमीन पावसाळ्यात पांढरी का पडते, तडकते का, सुटते का?

जून संपत आला की मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. उन्हाळ्यात केलेल्या डायोरामाच्या, म्हणजे पाटीवर उभ्या केलेल्या छोट्या देखाव्याच्या, जमिनीवर पांढुरकी साय येते. पानांना बोट लागलं की ती सुटून येतात. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकूडभुशाच्या पाटीचा, बेस कडेने उचलला जातो, मातीला भेगा पडतात. मग माणूस गोंद बदलतो, रंगाचा ब्रँड बदलतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच रड पुन्हा सुरू होते.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी बहुतेकींचं मूळ पाण्यात आहे. गोंद, प्लास्टर आणि रंग या सगळ्यांतून आपण जमिनीत पाणी ओततो. ते बाहेर पडायला वाट हवी आणि वेळ हवा. ते आत अडकलं तर बुरशी येते, फक्त वरून पटकन उडालं तर तडे पडतात, एकाच बाजूने शिरलं तर बेस वाकतो. सुकल्यावर हवेतून परत आलं तर गोंद दुधाळ होतो. त्यामुळे सामान बदलण्याआधी आपल्या तुकड्यात पाणी नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. ए-फोर कागदाएवढा बेस, १:३५ प्रमाण, सह्याद्रीतल्या पानगळीच्या जंगलाचा मार्च महिन्यातला तुकडा. साग, ऐन, खाली पाचोळा, मधून डोकावणारे जांभ्याचे धोंडे.

पांढरं पडलंय, पण कोणतं पांढरं?

हे आधी ठरवा, कारण इलाज पांढऱ्याच्या जातीप्रमाणे बदलतो. खोलीतले दिवे मालवा, मोबाइलचा टॉर्च जमिनीला जवळजवळ आडवा धरा आणि भिंगातून बघा.

पांढरं फक्त खोलगट जागी, पानांच्या खाली किंवा दगडाच्या बुडाशी असेल तर तो गोंद आहे. फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे बारीक कण असतात. पाणी निघून गेलं की ते एकमेकांत मिसळून पारदर्शक पापुद्रा बनतो. गोंद डबक्यासारखा साचला तर वरची कातडी आधी धरते आणि खालचं पाणी कोंडून राहतं. नीट सुकलेला गोंदही दमट हवेत ओलावा ओढून पुन्हा दुधाळ होतो. इथे तुकडा पंख्याखाली ठेवून वाट बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच पांढरेपणा जातो. नाही गेला तर त्या खड्ड्यात ब्रशने कोमट पाणी सोडा, गोंद मऊ झाला की टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या आणि वर बारीक माती भुरभुरा.

सगळीकडे सारखाच धुरकट थर दिसत असेल तर संशय मॅट वॉर्निशवर घ्या. स्प्रेमधलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्या ओल्या थरावरच साचतं. पावसाची झड लागलेली असताना गॅलरीत उभं राहून वॉर्निश मारणं म्हणजे हे संकट घरी बोलावणं. यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो, पण चालतो: कोरड्या दिवशी ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या, धुकं नाहीसं होतं. तो सुकल्यावर पुन्हा मॅट, पण दोन्ही वेळा हलका हात.

खोडाच्या बुंध्याभोवती किंवा खोचलेल्या काटकीभोवती पांढरं कडं दिसतंय? ती सुपरग्लूची वाफ. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन ती शेजारी पांढऱ्या भुकटीसारखी बसते. तिथे तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, दिला की विषय संपतो. तंतू दिसले, कापसासारखा मऊपणा दिसला, डाग बेटांसारखे पसरत असतील आणि नाक जवळ नेल्यावर कुबट वास येत असेल, तर मात्र ती बुरशी.

बुरशीला खाऊ कोण घालतं?

जंगलाच्या जमिनीसाठी आपण जे काही गोळा करतो ते सगळं बुरशीचं अन्नच: वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, काथ्या, मुळ्या. त्यात आपल्याकडची खास भर म्हणजे चहाचा चोथा. परदेशी व्हिडिओत वापरलेला चहा थेट जमिनीवर टाकलेला दिसतो, ते बघून आपणही गाळण्यातला चोथा वाळवतो. पण त्यांचा चहा बहुतेक वेळा नुसत्या पाण्यातला असतो, आपल्या पातेल्यात मात्र दूध, साखर आणि आलंही उकळलेलं असतं. तो चोथा कितीही कडक वाळवला तरी साखर त्यातच राहते. आधी मुंग्या येतात, मग बुरशी. चोथा वापरायचाच असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत चार-पाच पाण्यांतून धुवा, नाहीतर कोरी पूड नुसत्या पाण्यात उकळून घ्या.

आणखी एक. आपल्या घरातला चहा बहुतेक सीटीसी, म्हणजे गोळीदार. त्याची कधीच पानं दिसत नाहीत, फक्त काळपट दाणे दिसतात. कुजलेल्या खालच्या थरासाठी तो छान आहे. पाचोळा म्हणून वर पसरलात तर जमिनीवर चहा सांडल्यासारखाच दिसेल.

पानं, भुसा, माती, जे काही बाहेरून येईल ते आधी भाजून घ्या. ओव्हन असेल तर सुमारे ११० अंशांवर अर्धा तास, नसेल तर जाड बुडाच्या जुन्या तव्यावर मंद आचेवर, सतत हलवत. पानं लवकर करपतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. भाजण्याने पाणी निघतं आणि किड्यांची अंडी मरतात. बुरशीचे सगळे बीजाणू मरतातच असं नाही, म्हणून नंतर कोरडं ठेवणं आलंच.

आधीच बुरशी आली असेल तर ब्रश घेऊन झाडायला लागू नका, बीजाणू सगळ्या तुकड्यावर उडतील. तुकडा गच्चीत किंवा अंगणात न्या, मास्क लावा आणि ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुढे याला नुसतं स्पिरिट म्हणू) धुक्यासारखं फवारा. शुद्ध ९९ टक्क्यांचं फार लवकर उडून जातं. ७० टक्क्यांतलं पाणी त्याला टिकायला आणि आत शिरायला मदत करतं. फवारल्यावर चोळायचं नाही, कारण स्पिरिट अॅक्रिलिक रंग आणि गोंद दोन्ही मऊ करतं. पूर्ण सुकल्यावर मऊ ब्रशने डाग उचला. जवळ देवघरातला दिवा, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला नको. स्पिरिटऐवजी हाताचं सॅनिटायझर मारायचा मोह आवरा. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते ओलावा धरून ठेवतं, म्हणजे नेमकं नको तेच.

घरगुती औषधांबद्दलही सांगायला हवं. गोंदात टाकणखार घालू नका, पांढरा गोंद त्याने रबरासारखा गोळा होतो. मुलं ज्याचा स्लाइम करतात तो हाच प्रकार. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे आणि निळी छटा सोडतं, मुलांचे हात लागणार असतील तर नकोच. आणि थर्माकोलचा बेस असलेल्या शोकेसमध्ये डांबरगोळ्या तर मुळीच ठेवू नका. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. कसर लागू नये म्हणून गोळी ठेवायची आणि डोंगरच खचायचा, असला प्रकार होतो.

तडे: दोष प्लास्टरचा की मातीचा?

बहुतेक वेळा मातीचा. आपल्याकडे देशावर सहज मिळते ती काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. दिवाळीचा किल्ला तडकतो तोही याच मातीने, फक्त तिथे कोणी मनावर घेत नाही. पंधरा सेंटिमीटरच्या डायोरामात तीच भेग दरीएवढी दिसते.

कोकणातली किंवा महाबळेश्वर-आंबोलीकडची तांबडी माती घ्या. ती जांभ्यातून तयार झालेली, तिच्यातली चिकणमाती फारशी फुगत नाही. शिवाय सह्याद्रीच्या जंगलाला रंगही तिचाच शोभतो. काळीच माती हाताशी असेल तर ती भुकटी म्हणून शेवटी वरून भुरभुरा, भराव म्हणून वापरू नका. भरावासाठी कागदाचा लगदा, बारीक भुसा, थोडी तांबडी माती आणि पांढरा गोंद असं कालवा. लगद्यातले धागे आकसणारा थर धरून ठेवतात. थर एका वेळी दोन-तीन मिलिमीटरचाच द्या. उंची हवी असेल तर ती थर्माकोलने किंवा एक्सपीएस फोमने (थर्माकोलपेक्षा दाट, कडक फोम) आधीच उभी करा, मातीने नव्हे.

पडलेला तडा बुजवायची घाई करू नका. पाचोळ्याखाली किंवा मुळाखाली तो झाकला जाणार असेल तर तसाच राहू द्या.

वाकलेला बेस

यावर फार बोलण्यासारखं काही नाही. एमडीएफच्या किंवा हार्डबोर्डच्या एकाच बाजूला ओलं काम केलं की ती बाजू फुगते, सुकताना ओढ बसते आणि पाटी वाकते. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजू आणि चारही कडा चपडा पॉलिशने किंवा ऑइल पेंटने बंद करा. कडा विसरल्या जातात आणि पाणी शिरतं तेही तिथूनच. वाकून गेलेली पाटी सरळ होत नाही. फोमचा थर सुरीने सोडवून नव्या पाटीवर चिकटवा.

पानं सुटतात, भुकटी तरंगते

गोंद कमी पडला असं वाटून लोक आणखी गोंद ओततात. गोंद पुरेसा असतो, तो आत गेलेलाच नसतो.

एकदा मुद्दाम बघा. कोरड्या भुशावर आणि पानांच्या चुऱ्यावर ड्रॉपरने पातळ गोंदाचा थेंब सोडा. तो जिरत नाही, गोल मणी होऊन बसतो. चुऱ्याचे दाणे त्या मण्यावर चढतात आणि तो उताराला लागला की दाणे अंगावर घेऊन खाली घरंगळतो. मागे उघडी रेघ राहते. आता शेजारच्या जागेवर आधी पाणी आणि आयसोप्रोपिल निम्मं-निम्मं मिसळून फवारा. चुरा गडद झालेला दिसेपर्यंत थांबा आणि मग तसाच थेंब सोडा. या वेळी तो टेकताक्षणी पसरतो, एका श्वासात आत जिरतो आणि वर एकही दाणा हलत नाही. फरक फक्त पृष्ठताणाचा आहे.

म्हणजे क्रम असा ठेवायचा: आधी स्पिरिटपाण्याचं धुकं, मग एक भाग गोंद आणि दोन-तीन भाग पाणी यांचं मिश्रण, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. ड्रॉपर किंवा सुई नसलेली सिरिंज जमिनीच्या अगदी जवळ धरून कडेकडेने सोडायचं. गोंदात थेट जास्त स्पिरिट ओतू नका, गुठळ्या होतात. साबणही एका थेंबावर गेला तर फेस सुकून डाग राहतात. फवारणीची बाटली लांब धरा. जवळून मारलेली पिचकारी पाचोळ्याचे ढीग उडवते आणि मग पानं सगळीकडे सारखी पसरतात, जे जंगलात कधीच दिसत नाही.

सुकलं की नाही हे बोटाने कळत नाही. मनगटाची आतली बाजू जमिनीला टेकवा: गार लागलं तर अजून पाणी उडतंय. त्याहून खात्रीचं म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. तुकडा रोज तोला. वजन उतरायचं थांबलं की सुकलं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये याला सहज आठवडा लागतो. उन्हात ठेवून घाई केली तर वरची कातडी धरते आणि पुन्हा पहिल्या तक्रारीवर येतो. पंखा बरा.

सगळं घट्ट बसलं तरी जंगल वाटत नाही

ही तक्रार पाण्याची नाही, पण सगळ्यांत जास्त येते, आणि मला स्वतःला यावरच बोलायला आवडतं.

पहिला संशय पानाच्या मापावर घ्या. सागाचं पान साधारण ३० ते ६० सेंटिमीटर लांब असतं, म्हणजे १:३५ मध्ये ९ ते १७ मिलिमीटर. ऐनाचं १० ते २० सेंटिमीटर, म्हणजे तीन ते सहा मिलिमीटर. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात वाळली पानं फिरवली की यातलं एकही माप हाती लागत नाही, नुसता कोनाकोनांचा चुरा मिळतो. तो खालच्या थराला ठीक. वरच्या थराला अख्खी पानं लागतात, आणि ती आपल्या रस्त्याकडेलाच पडलेली असतात. बाभळीची आणि खैराची पर्णिका काही मिलिमीटरचीच असते, १:३५ ला ती ऐनाच्या जवळपास जाते, थोडी अरुंद एवढंच. गुलमोहराची पर्णिका सुमारे एक सेंटिमीटरची, ती सागाच्या लहान पानाची जागा घेते. पिवळी पडून आपोआप गळलेलीच उचला. हिरवी तोडून वाळवलेली सुरळी होतात आणि त्यांचा रंगही मेलेला येतो. युरोपातले मॉडेलकार बर्चच्या तुऱ्यांतले खवले पानं म्हणून वापरतात, ते विकतही मिळतात. फार सुबक दिसतात, पण तीन टोकांची ती पानं सह्याद्रीत पसरली की जाणकाराला लगेच खटकतात. तुकडा जर्मनीतला किंवा पोलंडमधला असेल तर मात्र खुशाल वापरा.

दुसरा संशय थरांवर. पुढच्या वेळी जंगलात गेलात तर काटकीने पाचोळा हळूच बाजूला करा. वर अख्खी, कडक, फिकी पानं, कोणी पालथं तर कोणी वाटीसारखं वळलेलं. त्याखाली गेल्या वर्षीची तुकडे झालेली, गडद, एकमेकांना चिकटलेली. मधेच एखाद्या पानाची फक्त शिरांची जाळी उरलेली, आणि तिच्यावर बुरशीचे पांढरे धागे. मग काळसर, भुसभुशीत कूज, आणि त्याच्या खाली तांबडी माती. डायोरामातही हाच क्रम लावायचा आणि कुजीपासून वर जाताना प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा फिका, थोडा मोठ्या तुकड्यांचा ठेवायचा. रव्याची चाळणी, मैद्याची चाळणी आणि चहाचं गाळणं एवढ्यावर तीन मापं सुटी होतात. सगळा माल एकत्र कालवून एकदम पसरला की तो नर्सरीतल्या खतासारखा दिसतो.

तिसरा संशय जागेवर. पानं सारखी पसरलेली नसतात. उतारावर ती खोडाच्या वरच्या अंगाला अडतात, खालचं अंग उघडं राहतं. मुळांच्या बेचक्यांत, दगडाच्या आडोशाला आणि ओहोळाच्या वळणावर त्यांचा ढीग होतो, तर पायवाटेवर त्यांचा चुरा झालेला असतो. म्हणून आधी खोडं, मुळं आणि दगड बसवा आणि पाचोळा नंतर, वरच्या बाजूने सोडा, म्हणजे तो आपोआप अडेल. मुळांसाठी वाळ्याच्या मुळ्यांसारखं दुसरं काही नाही. बारीक, वळणदार, चिवट, आणि काम करताना सुवास येतो हा वरचा फायदा.

आणि गवत. दाट झाडीखाली उन्हाचे कवडसेच पोचतात, तिथे हिरवंगार गवत उगवत नाही. स्टॅटिक गवताची, म्हणजे विजेच्या भाराने कृत्रिम गवताचे तंतू उभे चिकटवणारी, मशीन घेतली म्हणून ती प्रत्येक तुकड्यावर चालवायलाच हवी असं कुठे आहे? मार्चच्या जंगलात हिरवं शोधायचंच असेल तर ते दगडाच्या सावलीतल्या भेगेत, चिमूटभर, आणि तेही मळकट. हा तोल नैसर्गिक कसा दिसतो ते बघायचं असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग-इतिहास दालनातल्या काचपेट्यांपुढे थोडा वेळ काढा. प्राणी सोडून फक्त त्यांच्या पायाखाली बघा.

रंग पटतोय का हे डोळ्यांना नीट कळत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. सगळी जमीन एकाच राखाडीत गेली तर थरांमध्ये गडद-फिक्याचा फरक कमी पडलाय. रॉ अंबर या गडद तपकिरी रंगाचा पातळ वॉश फक्त खोलगट जागी सोडा आणि वरच्या पानांच्या कडांवर फिक्या पिवळसर रंगाचा, जवळजवळ पुसून घेतलेला कोरडा ब्रश फिरवा.

शोकेसमध्ये ठेवताना

काट्यावर वजन स्थिर झाल्याशिवाय काच बंद करू नका, नाहीतर आतलं पाणी आतच फिरत राहतं. बेसच्या खाली चार कोपऱ्यांत बुटक्या पायांवर हवा खेळू द्या. काचेच्या आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रंग बदलणारी असेल तर उत्तम. रंग उतरला की पुडीवर लिहिलेल्या तापमानाला तापवून पुन्हा वापरता येते. बाहेरच्या भिंतीला लागून शेल्फ असेल तर पावसाळ्यापुरता तुकडा आतल्या भिंतीकडे हलवा.

एवढं करूनही एकाच कोपऱ्यात बुरशी परत परत येत असेल तर तिथे वरून औषधं मारत बसू नका. त्या जागेखाली भरावाचा जाड थर ओला राहिलाय. तेवढा चौकोन धारदार कटरने फोमपर्यंत कापून काढा, पोकळी दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा, कोरड्या फोमचा तुकडा बसवा आणि वर पातळ थर देऊन नवा पाचोळा टाका. सांधा जिथे दिसतो तिथे एखादी पडलेली फांदी आडवी टाकली की काम झालं.